पेडलवरचा पाय

"अजून पीळ," लडकू म्हणाला. "हलतंय ते."

मेघालीने टेबलाखाली डोकं घालून स्क्रूला आणखी दोन फेरे दिले. मग टेबलाच्या कडेवर ते काळं स्टिअरिंग घट्ट बसलं. लडकूने दोन्ही हातांनी धरून ते डावी-उजवीकडे फिरवून पाहिलं. त्याच्या बसच्या स्टिअरिंगच्या ते निम्म्यानेही नव्हतं, पण वरचं रबर चांगलं होतं, हाताला धरून राहणारं.

"कसं वाटतंय?"

"जत्रेतल्या गाडीचं असतं तसं हाय. पकड बरी हाय पण."

रविवारची दुपार होती. जेवणं उरकली होती. तीनला लाइट जायची ती सहाला यायची, त्यामुळे मेघालीला घाई होती. खोलीभर थर्माकोलचे तुकडे आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या पसरल्या होत्या. बाहेर ओट्यावर लडकूची बायको ठकुबाई सूप घेऊन सुकट निवडत बसली होती आणि त्याचा वास दारातून आत येत होता.

मेघाली दापोड्याला एका गोडाऊनच्या ऑफिसात कामाला होती. तिथे कॉम्प्युटरचं सामान उतरायचं, कीबोर्ड, माउस, स्पीकर असलं, आणि तिथून दुकानांना जायचं. त्या आठवड्यात पहिल्यांदाच गाड्यांच्या खेळासाठीची ही स्टिअरिंगं आली होती, दीडशे खोकी. साहेबांनी त्यातलं एक काढून तिच्या हातात दिलं होतं. म्हणाले होते, "घरी कॉम्प्युटर आहे ना तुझ्या? लावून बघ. नीट चालत असेल तर सोमवारी माल सोडतो, नाहीतर सगळा परत पाठवतो. आणि तुझे वडील ड्रायव्हर आहेत, त्यांनाच बसव. त्यांच्याएवढं आपल्यात कोणाला कळणार?"

हे मेघालीने शनिवारी संध्याकाळी सांगितलं तेव्हा तिला वाटलं होतं, बाबा खूश होईल. एरवी तो झालाही असता. अठ्ठावीस वर्षं गाडी चालवली होती त्याने. आधी खाडीवरून रेतीची, मग गोडाऊनांचे ट्रक, आणि गेली नऊ वर्षं गावातल्या भाऊंची शाळेची बस. अंजूर, दापोडे, अंजूरफाटा करत सव्वीस मुलं गोळा करायची, भिवंडीत शाळेच्या फाटकात सोडायची आणि दुपारी तशीच परत आणायची. अठ्ठावीस वर्षांत त्याच्या गाडीने कोणाला ओरखडाही काढला नव्हता. लग्नाकार्यात कोणी ड्रायव्हरांची गोष्ट काढली की हे वाक्य तो हमखास बोलायचा.

गेल्या बारा दिवसांत ते बोलला नव्हता.

बारा दिवसांपूर्वी, सकाळीच, दापोड्याच्या वळणावर एक लूमवर काम करणारा माणूस सायकलवरून आडवा आला. रात्रपाळी करून घरी निघालेला, डोळ्यांत झोप. अंतर भरपूर होतं. लडकूने ब्रेक दाबला. गाडी थांबली नाही. थांबत थांबत गेली आणि बंपर त्याच्या कॅरियरला जाऊन टेकला. माणूस सायकलसकट आडवा झाला, लगेच उठला, कपडे झटकले. त्याला काही लागलं नव्हतं. काचेजवळ येऊन शांतपणे म्हणाला, "चाचा, ब्रेक नहीं है क्या?"

मागे मुलं होती. मुलांना सांभाळायला बसमध्ये असणारी गोदूबाई उठून पुढे आली. लडकूने त्या माणसाची सायकल उचलून दिली, माफी मागितली आणि गाडी काढली.

त्याच दुपारी तो बस घेऊन रामू मेस्त्रीकडे गेला. रामूने चारही चाकं उघडली, तेल पाहिलं, स्वतः चालवून आणली. "ब्रेक कडक हाय, लडकूदादा," म्हणाला. तीन दिवसांनी लडकू पुन्हा गेला. रामूने पुन्हा सगळं उघडलं, पुन्हा तेच सांगितलं. तिसऱ्यांदा गेला तेव्हा रामूने नुसतं त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

एक गोष्ट लडकूने रामूला सांगितली नव्हती, कोणालाच सांगितली नव्हती. त्या सकाळी ब्रेक दाबला तेव्हा इंजिनाचा आवाज चढला होता. ब्रेक दाबल्यावर आवाज उतरायला हवा, तो चढला कसा, हे त्याला समजत नव्हतं, आणि समजून घ्यायची हिंमतही होत नव्हती. तेव्हापासून तो बस बैलगाडीसारखी हाकत होता. शाळेला रोज दहा मिनिटं उशीर होत होता. फाटकात शेवटचं मूल उतरलं की त्याच्या पाठीचा शर्ट ओला झालेला असायचा.

"बाबा, बस ना," मेघाली म्हणाली.

तो खुर्चीत बसला. टेबलाखाली काळ्या पट्टीवर दोन पेडलं होती. त्याने वाकून पाहिलं.

"क्लच कुठं हाय?"

"क्लच नाही. गियर आपोआप पडतात."

"मग ती गाडी कसली?"

मेघाली हसली. "ते पण लिहून देते साहेबांना. आधी मापं घ्यायची आहेत, मग खेळ. पेडल किती दबतं, स्टिअरिंग किती फिरतं ते कॉम्प्युटरला कळायला पाहिजे."

पडद्यावर एक साधी चौकट आली. त्यात थर्मामीटरसारखे दोन उभे खांब होते. एक हिरवा, एक लाल. हिरवा म्हणजे ॲक्सिलरेटर, लाल म्हणजे ब्रेक, तिने सांगितलं. पेडल जेवढं दबेल तेवढा खांब वर चढणार.

"उजवं दाब."

हिरवा खांब सरसर वर गेला.

"सोड."

खांब उतरला आणि तिसऱ्या हिश्शावर येऊन थांबला.

"पूर्ण सोड, बाबा."

"सोडलंय की."

"नाही ना. बघ, खाली येत नाहीये."

"अगं, पाय उचललाय मी."

दोघंही पडद्याकडे बघत होते. हिरवा खांब हलत नव्हता. मेघालीने मागची वायर काढून पुन्हा लावली, ती चौकट बंद करून पुन्हा उघडली. तेच. दाबलं की वर, सोडलं की तिसऱ्या हिश्शावर.

"आता ब्रेक दाब."

लाल खांब वर गेला. हिरवा जिथे होता तिथून आणखी थोडा वर चढला.

"दोन्ही एकदम दाखवतंय," मेघाली म्हणाली. "पेडलातच काहीतरी आहे. उठ जरा, मी बघते."

ती बसली. दाबलं, सोडलं. हिरवा खांब वर गेला आणि तळाला आला. चार वेळा केलं, चारही वेळा तळाला आला. लाल दाबला तर एकटा लाल.

"आता बरोबर येतंय. लूज असणार काहीतरी. बस परत."

लडकू पुन्हा बसला. या वेळी त्याने पडद्याकडे पाहिलं नाही. मेघालीने "ब्रेक" म्हटल्यावर त्याने दाबला आणि मान खाली घालून आपल्या पायाकडे पाहिलं. उजवा पाय ब्रेकवर होता. पण पावलाची बाहेरची कड, करंगळीची बाजू, शेजारच्या पेडलवर पडलेली होती. नुसती टेकलेली नव्हती, चांगली दाबून होती. त्याला काहीही जाणवत नव्हतं. डोळ्यांना दिसत होतं म्हणून खरं, नाहीतर पाय हवेत आहे असं त्याने कोणाच्याही शपथेवर सांगितलं असतं.

त्याने बघत बघत पाय दोन बोटं डावीकडे घेतला.

"हां, आला खाली," मेघाली पडद्याकडे बघत म्हणाली. "काय केलंस?"

लडकूची नजर पायावरच होती. मेघालीने वही उघडली आणि लिहायला घेतलं. लिहिता लिहिता मोठ्याने वाचत होती. "उजवं पेडल अडकतं. सोडल्यावर पूर्ण वर येत नाही. वाईट झालं, बाबा. दीडशे पीस आहेत, सगळे परत जाणार. साहेब म्हणाले होते, नीट बघ, मी तुझ्या शब्दावर माल सोडणार."

तेवढ्यात पंखा मंद झाला, पडदा टिचकन काळा झाला. तीनला पाच कमी होते.

"लवकर घालवली आज," असं म्हणत मेघाली चहा ठेवायला गेली.

लडकू खुर्चीतच बसून राहिला. खिडकीतून उन्हाचा पट्टा त्याच्या पायांवर पडला होता. त्याने मेघालीच्या वहीवरचं पेन उचललं, वाकला आणि टोकाने आपली करंगळी दाबली. मग शेजारचं बोट. मग तळवा. निळे ठिपके उमटले, दुसरं काही झालं नाही. डाव्या पायाला थोडं कळत होतं, उजव्याला घोट्यापर्यंत जवळपास नाही. हाताने धरून पाहिलं तर आपला पाय धरल्यासारखं वाटेना.

नऊ वर्षं साखर होती त्याला. गोळ्या चालू होत्या, कधी घ्यायच्या, कधी राहायच्या. पायाला मुंग्या यायच्या, त्या दोन वर्षांपूर्वी आपोआप थांबल्या, तेव्हा त्याला बरंच वाटलं होतं. गेल्या महिन्यात एकदा तो बाजारातून घरी आला आणि ठकुबाई म्हणाली, "एक चप्पल कुठं टाकलीत?" ती मागे गल्लीत पडलेली सापडली. पाऊणशे पावलं तो एकाच चपलेने चालत आला होता. दोघंही हसले होते.

आता त्याला ती दापोड्याची सकाळ लख्ख दिसली. ब्रेक दाबला, इंजिन ओरडलं. ब्रेक कडकच होता. रामू बिचारा खरंच सांगत होता. गाडीला थांबवणारा आणि पुढे ढकलणारा पाय एकच होता.

आणि त्यानंतरच्या बारा दिवसांत, सकाळ-दुपार, तो सव्वीस मुलं घेऊन त्याच पायाने गेला होता. त्याने खुर्चीचा हात धरून ठेवला. बराच वेळ तो तसाच होता. मग त्याला जाणवलं, की छातीवर इतके दिवस जे बसलं होतं ते हलतंय. कोणाला काही झालं नव्हतं. त्या सायकलवाल्याला नाही, एकाही मुलाला नाही. जे कळायचं ते इथे, घरात, टेबलाखाली कळलं होतं.

मेघाली चहा घेऊन आली. ठकुबाईही हात धुऊन आत आली आणि दाराशी बसली.

"ती वही दे," लडकू म्हणाला.

"कशाला?"

"तू लिवलंस ते खोड. पेडल चांगलं हाय."

"अरे बाबा, तू बघितलंस ना? अडकत होतं."

"पेडल अडकत नव्हतं. माझा पाय होता त्यावर. मना कळत नव्हता."

मेघालीने कप खाली ठेवला. "म्हणजे?"

"म्हंजे पाय कुठं पडलाय ते मना कळत न्हाय. तू म्हनलीस सोड, मना वाटलं सोडला. सोडलाच नव्हता." मग तो थांबला, चहाचा घोट घेतला आणि दापोड्याची गोष्ट पहिल्यापासून सांगितली. सायकलवाल्याची, रामूकडच्या तीन फेऱ्यांची, इंजिनाच्या आवाजाची. खाली मान घालून सांगितली, पण काही गाळलं नाही.

ठकुबाई उठून त्याच्या पायाशी येऊन बसली. तिने त्याचं पाऊल मांडीवर घेतलं, निळे ठिपके पाहिले आणि अंगठ्याने चोळायला लागली.

"हे कळतंय का?"

"न्हाय."

"हे?"

"न्हाय."

ती घोट्याच्या वर आली. "हे?"

"हां. हितं कळतं."

"मग तुमी बोलला का न्हाय?" तिने विचारलं. "बारा दिस बघते मी, रात्री कूस बदलत असता. मना वाटलं, पोरीच्या लग्नाचा घोर हाय."

लडकूला हसू आलं. "तो हायेच."

मेघाली हसली नाही. तिचे डोळे भरले होते. "उद्या सकाळी तू बस काढायची नाहीस."

"न्हाय काढणार," तो म्हणाला. हे त्याला तिच्याआधीच ठाऊक होतं, पण तोंडातून बाहेर पडलं तसं घरात काहीतरी सैल झालं. ठकुबाईने पाय मांडीवरून खाली ठेवला नाही.

भाऊंचं घर दोन गल्ल्या पलीकडे होतं. मेघाली जाऊन सांगून आली आणि साडेपाचच्या सुमाराला भाऊ स्वतः आले, बनियनवर शर्ट अडकवून. लडकू आणि ते लहानपणी खाडीत एकत्र पोहलेले. पुढे भाऊंच्या जमिनीवर गोडाऊनं उभी राहिली, त्यांनी तीन बसगाड्या घेतल्या, आणि लडकू त्यांच्याकडे ड्रायव्हर झाला, तरी बोलण्यातलं अंतर वाढलं नव्हतं.

"काय रे लडकू, पोरगी सांगते गाडी चालवणार न्हाय म्हणून?"

"न्हाय चालवणार."

"साखर मना पन हाय. पाय जड होतात माझे पन. डाक्टरकडं जाऊ, इंजेक्शन घे चार दिस. शाळा चालू हाय, वर्षाच्या मधीच ड्रायव्हर कुठून आणू मी? मुलांना तुझी सवय हाय. आई-बाप तुझ्या नावावर पोरं पाठवतात."

"म्हणूनच," लडकू म्हणाला.

"अरे, अठ्ठावीस वर्षांत ओरखडा न्हाय तुझा."

"म्हणूनच सांगतोय, भाऊ."

भाऊंना पटत नव्हतं. त्यांनी नाना तऱ्हेने सांगितलं. हळू चालव, दिवाळीपर्यंत काढ, एखाद दिवस सुट्टी घे. लडकू ऐकत राहिला. त्याला माहीत होतं, भाऊ वाईट माणूस नव्हता. पाय कळत नाही हे दुसऱ्याला सांगून समजत नाही, एवढंच होतं. त्याला स्वतःलाही दोन वर्षं समजलं नव्हतं.

"लाइट येऊ दे," तो शेवटी म्हणाला. "मग दाखवतो तुना."

सहा वाजून गेल्यावर पंखा फिरायला लागला. मेघालीने कॉम्प्युटर चालू केला, ती चौकट उघडली. लडकू बसला.

"हा हिरवा म्हंजे ॲक्सिलरेटर. हा लाल, ब्रेक. आता मी खाली बघत न्हाय. तू बघ खांबाकडं. समज, मी ऐंशीच्या... न्हाय, चाळीसच्या स्पीडनं चाललोय आनि म्होरं पोर आलं. मेघाली, सांग कवा दाबू."

मेघाली थोडा वेळ गप्प राहिली आणि एकदम म्हणाली, "दाब."

लाल खांब वर गेला. त्याच्याबरोबर हिरवाही गेला, निम्म्यापर्यंत.

भाऊ पडद्याकडे पाहत राहिले. "परत कर."

पुन्हा केलं. या वेळी हिरवा आला नाही. लडकूला क्षणभर वाटलं, आता भाऊ म्हणतील, बघ, झालं की बरोबर. पण भाऊ म्हणाले, "परत." तिसऱ्यांदा पुन्हा दोन्ही खांब जोडीने वर गेले.

भाऊ पलंगावर बसले. त्यांची नात भाविका त्याच बसने जायची. दुसरीत होती, ड्रायव्हरच्या मागच्या पहिल्या सीटवर बसायची आणि लडकूच्या मानेशी तोंड नेऊन दिवसभराच्या तक्रारी सांगायची. दोघांच्याही मनात ते आलं, आणि दोघांनीही तिचं नाव घेतलं नाही.

"तू सांगितलंस ते बरं झालं," भाऊ म्हणाले. "दुसऱ्या कोनी सांगितलं नसतं."

"मना पन आजच कळलं."

"शेलार गावचा तुळशीराम हाय. मागं विचारत होता कामाचं. त्याला फोन करतो आत्ता." मग जरा थांबून, "तो गाडी चांगली चालवतो का?"

"चांगली चालवतो. हॉर्न जास्त वाजवतो."

भाऊ हसले. मग लडकूही हसला, आणि ठकुबाईने स्वयंपाकघरातून विचारलं, "काय झालं?"

फोन झाला. तुळशीराम सकाळी सहाला यायला तयार होता. वाटेतले थांबे मात्र त्याला माहीत नव्हते. कोणतं मूल कुठे उभं राहतं, कोणाच्या आईला हात दाखवायचा, कोणाच्या दारात दोनदा हॉर्न द्यायचा, हे कुठे लिहिलेलं नव्हतं. "मी येतो दोन दिस बरोबर," लडकू म्हणाला. "मागं बसून सांगतो." पुढचं पुढे बघू, गोडाऊनच्या फाटकावर बसायला विश्वासाचा माणूस मलाही लागतोच, असं भाऊ म्हणाले, आणि तो विषय तिथेच राहिला.

जायला उठलेले भाऊ टेबलापाशी थबकले. "याच्यावर खेळतात कसं?"

"बसा ना, भाऊकाका," मेघाली म्हणाली. "मला तसं पण बघायचंच आहे, खेळात चालतं का ते."

भाऊ बसले. पडद्यावर लाल रंगाची गाडी आली, लांबलचक रस्ता, दोन्ही बाजूंना कुठल्या परदेशातली झाडं. भाऊंनी ॲक्सिलरेटर असा दाबला, की पट्टी जमिनीवरून सरकली. गाडी सुसाट निघाली, पहिल्या वळणाला सरळ गेली, कुंपण तोडलं, गवतात शिरली आणि उलटी झाली. भाऊंचं शरीर गाडीबरोबर डावीकडे कललं होतं ते तसंच राहिलं.

"वळवायचं होतंस," लडकू म्हणाला.

"वळवलं की."

"गवतात गेल्यावर वळवलंस."

दुसऱ्या खेपेला गाडी भिंतीवर गेली. तिसऱ्या खेपेला लडकू त्यांच्या खांद्याशी उभा राहून सांगायला लागला. आता सोड. आता थोडं डावीकडं. वळणाच्या आधी ब्रेक, वळणात न्हाय. हां, आता दे. भाऊंनी एक फेरी पुरी केली. घाम पुसत उठले आणि म्हणाले, "हे पोरांचं काम न्हाय."

ते गेल्यावर मेघालीने वहीतलं पान फाडलं आणि नवीन लिहिलं. स्टिअरिंग चांगलं, पकड चांगली, पेडल दोन्ही व्यवस्थित. खाली तिने विचारलं, "बाबा, क्लचचं लिहू?"

"लिव. क्लच पायजे होता म्हणून लिव."

त्या रात्री लडकू अंथरुणाला पाठ लागल्याबरोबर झोपला.

सकाळी सहाला तुळशीराम आला. लांब, हडकुळा, पस्तिशीचा माणूस. लडकूने किल्ली त्याच्या हातात दिली, सीट किती मागे घ्यायची ते दाखवलं, दुसरा गियर जरा अडतो तो कसा घालायचा ते सांगितलं. मग तो मुलांच्या दरवाजातून आत चढला. नऊ वर्षांत त्या दरवाजातून तो कधी चढला नव्हता. गोदूबाई आधीच आत होती. तिला भाऊंनी काय सांगितलं होतं कोण जाणे, तिने उठून तिसऱ्या रांगेतली खिडकीची जागा पदराने पुसली.

"हितं बसा," म्हणाली.

पहिल्या थांब्याला भाविका चढली. ड्रायव्हरच्या जागेवर दुसरंच कोणी बघून ती पायरीवरच उभी राहिली.

"लडकूकाका कुठे?"

"हितं हाय मी."

ती मागे आली, त्याच्याकडे नीट बघितलं. "तुम्ही आज मुलगा झालात?"

"आज मुलगा झालो."

तिने विचार केला, आपली पहिली सीट सोडली आणि दप्तर मांडीवर घेऊन त्याच्या शेजारी बसली.

लडकू थांबे सांगत गेला. पुढच्या खांबापाशी दोघं. त्या निळ्या फाटकापाशी थांब, बाई धावत येईल. इथे हॉर्न नको, म्हातारा आजारी हाय. तुळशीराम हूं हूं करत होता, गाडी बरोबर लावत होता. दापोड्याच्या वळणावर त्याने आधीच वेग कमी केला. खिडकीतून लडकूला एक मोठं चिंचेचं झाड दिसलं, त्याखाली शेंदूर लावलेला दगड आणि पुढे कोणीतरी ठेवलेली ताजी झेंडूची फुलं. रोज दोनदा तो इथून गेला होता आणि हे त्याने कधी पाहिलं नव्हतं. रस्त्यावरून नजर काढायची सोयच नव्हती.

"तो देव कुठला हो?" त्याने गोदूबाईला विचारलं.

"कुठला?"

तोपर्यंत झाड मागे गेलं होतं.

अंजूरफाट्याला शेवटची तीन मुलं चढली. सव्वीस झाली. गोदूबाईने मोजली, मग लडकूने मोजली. आता शाळेपर्यंत थांबा नव्हता, सांगायचं काही उरलं नव्हतं. पुढे कंटेनरांची रांग लागली होती आणि तुळशीराम तिच्यामागे शांतपणे गाडी चालवत होता, जरा जास्त हॉर्न वाजवत. भाविका वर्गातल्या कोणाची तरी तक्रार सांगत होती. लडकूने सुरुवातीची थोडी ऐकली, होकार दिला. मग त्याची मान खिडकीच्या काचेला टेकली.

चालत्या गाडीत तो आयुष्यात कधी झोपला नव्हता. दुसरा चालवत असला तरी त्याचे डोळे उघडे असायचे.

भाविकाने बोलणं थांबवून त्याच्याकडे पाहिलं, आणि मागे वळून गोदूबाईकडे पाहिलं. गोदूबाईने ओठांवर बोट ठेवलं. ते एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला सांगितलं, आणि शाळेचं फाटक येईपर्यंत बसमधली सव्वीस मुलं कुजबुजत बोलत होती.